हजाराच्या आतलं भंगार

टाकलेलं जातं कुठं? : लेखांक 7

पीण्याच्या दुसऱ्या टप्प्यात एक लहानसं मशीन शॉप आहे. पुढे दोन सीएनसी लेथ, एक मिलिंग मशीन, सगळीकडे भरून राहिलेला कूलंटचा वास आणि मागच्या भिंतीला लागून एक लोखंडी रॅक. लेथची जळलेली ड्राइव्ह कार्डं, पॉवर सप्लाय, यूपीएसचे बोर्ड, एक प्रिंटर, पाठीला कुबड असलेले जुने दोन मॉनिटर अशा मेलेल्या वस्तू त्या रॅकवर ओळीने ठेवल्या आहेत. प्रत्येक कार्डावर पांढऱ्या मार्करने तारीख आणि दुखणं लिहिलेलं : ‘रिले गेला’, ‘एक फेज नाही’, ‘पाणी शिरलं’. मालक मूळचे बेळगावचे. उद्यमबागेत लेथवर हात बसवला आणि पंचवीस वर्षांपूर्वी बंगळुरूला आले.

“हे विकत का नाही?” मी विचारलं.

“तीन वर्सं झाली ताई, ठेवलोय तसंच. गुजरीवाला येतो, दर बी चांगला देतो. पण एकदा त्याच्या मागनं गेलतो मी, काय करतात बघूया म्हणून. बघितलो आणि परत आलो. तवापासनं द्यायला हात होईना.”

गुजरी म्हणजे भंगार. बंगळुरूत हा शब्द सगळ्या भाषांच्या तोंडी आहे. सकाळी गल्लीत ‘हळे पेपर, हळे कब्बिण’ अशी आरोळी येते. हळे म्हणजे जुनं आणि कब्बिण म्हणजे लोखंड. आपल्याकडच्या ‘रद्दीऽऽ भंगाऽऽर’चीच ती कानडी बहीण. मालक त्या माणसाच्या मागे एका शेडपर्यंत गेले होते. तिथे पत्र्याच्या तव्यावर बोर्ड तापवून चिमट्याने चिप्स उपटत होते आणि मागच्या बाजूला प्लास्टिकच्या पिंपात तेजाब होतं. पिंपातून निघालेली वाट उघड्या गटाराला मिळत होती. हातमोजे कुणाच्याच हातात नव्हते.

गेल्या आठवड्यात आपण घरातल्या जुन्या मोबाइलचा प्रवास पाहिला. आज या रॅकचा पाहू. आपलं ई-कचऱ्याचं धोरण कुठवर पोचलं आणि कुठे थांबलं, हे मला या रॅकइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

आधी जागेविषयी थोडं. पीण्या बंगळुरूच्या वायव्येला, तुमकूर रस्त्याला लागून आहे. जवळच्या जालहळ्ळीत 1953 साली एचएमटी आणि 1954 साली भारत इलेक्ट्रॉनिक्स हे सरकारी कारखाने उभे राहिले. मोठ्या कारखान्यांना नट-बोल्टपासून पॅनेलपर्यंत पुरवठा करणारे लहान हात लागतात. 1970 च्या दशकात आखलेल्या पीण्या वसाहतीत असे हात मोठ्या संख्येने आले. आज तिथे हजारो घटक आहेत. टर्निंगची दुकानं, प्लेटिंगच्या टाक्या, पावडर कोटिंग, सर्किट बोर्ड तयार करणारे आणि त्यावर सुटे भाग बसवणारे, शिवणकामाचे कारखाने, सगळे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून. 2014 पासून तिथे मेट्रोही येते. स्टेशनाचं नावच ‘पीण्या इंडस्ट्री’.

अशा वसाहतीत ई-कचरा दोन टोकांनी तयार होतो. वापरून जुनं झालेलं यंत्र हे एक टोक. ते रॅकवर दिसतं. दुसरं टोक नव्या वस्तूच्या जन्मावेळचं, आणि ते सहसा नजरेत येत नाही. सर्किट बोर्ड बनतो तो तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेल्या तक्त्यापासून. हव्या त्या रेघा झाकायच्या आणि उरलेलं तांबं रसायनात विरघळवायचं. या कामाला एचिंग म्हणतात. म्हणजे बोर्डावर दिसणाऱ्या त्या नाजूक तांबूस रेघा म्हणजे शिल्लक राहिलेलं तांबं. बाकीचं त्या द्रावणात जातं. वापरून संपलेल्या अशा द्रावणाच्या एका लिटरमध्ये 100 ग्रॅमहून अधिक तांबं असू शकतं. ते नीट काढून घेतलं तर माल आहे, मोरीत सोडलं तर विष आहे. कायदा या द्रावणाला ‘घातक कचरा’ म्हणतो आणि बाद झालेल्या बोर्डाला ‘ई-कचरा’. नियम वेगळे, अर्ज वेगळे. शेड मात्र एकच, आणि दोन्ही हाताळणारा कामगारही तोच.

पीण्याच्या जमिनीखालचं पाणी आधीच दुखणाईत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातल्या औद्योगिक वसाहतींचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा पीण्याला 100 पैकी 65.11 गुण मिळाले. या परीक्षेत जास्त गुण म्हणजे जास्त आजार. तिथल्या भूजलात सापडलेल्या क्रोमियमचा मोठा दोष प्लेटिंग उद्योगाकडे जातो, तो ई-कचऱ्याच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण बोर्ड धुतलेलं तेजाब त्याच गटारांत उतरतं. वृषभावती नदीचा एक ओघ याच बाजूने निघतो. ती पुढे अर्कावतीला मिळते आणि अर्कावती कावेरीला. पिंपातून निघालेली ती वाट किती लांब जाते, याचा नकाशा माझ्या मनातून जात नाही.

आता कायद्याकडे येऊ. आपल्याकडे ई-कचऱ्याचे स्वतंत्र नियम पहिल्यांदा 2011 साली निघाले आणि 1 मे 2012 पासून लागू झाले. त्यांचा गाभा एका कल्पनेत होता : ज्याने वस्तू बाजारात आणली, तिच्या शेवटाचा भारही त्यानेच उचलायचा. याला ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ म्हणतात. कल्पना न्याय्य आहे. ग्राहकाच्या हाती ना रसायनांची माहिती असते ना यंत्रणा, कंपनीकडे दोन्ही असतं. 2016 च्या नियमांनी या कल्पनेला हातपाय दिले. संकलन केंद्रं आणि मोडतोड करणाऱ्यांचे परवाने आधीपासून होते, आता कंपन्यांच्या वतीने माल गोळा करणाऱ्या संस्था आल्या. 2018 मध्ये उद्दिष्टंही नव्याने ठरली. पहिल्या वर्षी 10 टक्के, मग 20, मग 30, अशी चढती.

2 नोव्हेंबर 2022 रोजी सगळे नियम नव्याने लिहिले गेले आणि 1 एप्रिल 2023 पासून ते लागू आहेत. यादीतल्या वस्तू 21 वरून 106 झाल्या. सौर पॅनेल, खेळणी, वैद्यकीय उपकरणं सगळं आत आलं, ही मोठी सुधारणा. उद्दिष्ट 60 टक्क्यांवर राहिलं, 2025-26 पासून ते 70 टक्के झालं आणि 2027-28 पासून 80 टक्के होणार आहे. पण नोंदणी आता फक्त चौघांची होते : वस्तू बनवणारा, बाजारात आणणारा उत्पादक, जुनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा चालती करणारा आणि पुनर्चक्रण करणारा. संकलन केंद्र आणि मोडतोड करणारा हे दोघे चौकटीतून गळाले.

याचा अर्थ काय होतो तो नीट समजून घ्यायला हवा. पुनर्चक्रण करणारा कारखाना माल वितळवतो, त्यातून धातू काढतो आणि किती काढला त्यावर त्याला प्रमाणपत्रं मिळतात. उत्पादक कंपनी ती विकत घेते आणि आपलं उद्दिष्ट पुरं झाल्याचं मंडळाच्या पोर्टलवर दाखवते. समजा, एखाद्या वस्तूचं सरासरी आयुष्य पाच वर्षं धरलंय. मग कंपनीने पाच वर्षांपूर्वी विकलेल्या वजनाच्या 70 टक्क्यांइतकी प्रमाणपत्रं तिने यंदा घ्यायची. तिचाच लॅपटॉप परत आला पाहिजे असं नाही, त्या प्रकारचं तेवढं वजन कुणीतरी कुठेतरी वितळवलं की पुरे. हिशेबाला ही रीत सोपी आहे. पण रॅकपासून भट्टीपर्यंतचं अंतर कोण कापतो, हा प्रश्न तिने कारखान्याच्या दारात सोडून दिला आहे.

आणि बेळगावच्या या मालकांचं काय? नियमांत ‘मोठा ग्राहक’ अशी एक संज्ञा आहे. अशा ग्राहकाने आपला ई-कचरा फक्त नोंदणीकृत माणसालाच द्यायचा असतो. 2016 मध्ये या संज्ञेत बँका, शाळा-महाविद्यालयं, कारखाने असे कितीतरी जण येत होते. 2022 मध्ये मोठा ग्राहक म्हणजे वर्षभरात केव्हाही यादीतल्या किमान 1000 वस्तू वापरात असलेला. पीण्यातल्या लहान शेडमध्ये 1000 उपकरणं कुठून येणार? यादीत हत्यारं आणि यंत्रं आहेत, पण ‘मोठी, एका जागी बसवलेली औद्योगिक यंत्रं’ वगळलेली. त्यामुळे लेथ बाहेर राहतो आणि त्याच्या कार्डाचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. सूक्ष्म उद्योगांना तर नियमांतूनच सूट आहे. लहान माणसाच्या डोक्यावर कागदांचं ओझं नको, हा त्यामागचा हेतू चांगलाच. पण ओझ्याबरोबर हक्कही गेला. यांच्या रॅकवरचा माल घेऊन जाणं आज कुणाचंच कर्तव्य नाही.

तेव्हा येतो तो गुजरीवालाच, आणि रोख पैसे देतो.

त्याला गुन्हेगार ठरवायला मी तयार नाही. तो सायकलवर, टेम्पोवर दारोदार फिरतो, पत्रा, तांबं, ॲल्युमिनियम, बोर्ड वेगळं करतो, कुठल्या बोर्डाला काय भाव ते त्याला बोटांनी कळतं. या देशातलं संकलनाचं काम प्रत्यक्षात त्यानेच उभं केलंय. त्याचं चुकतं ते पुढच्या पायरीवर, आणि त्या चुकीची पहिली किंमत त्याचीच फुप्फुसं मोजतात.

त्या पायरीचा अभ्यास बंगळुरूतच झालेला आहे. 2000 च्या दशकात एम्पा ही स्विस संशोधन संस्था, जर्मनीची जीटीझेड आणि आपल्याकडची मैट ही उद्योगसंघटना यांनी इथे एकत्र काम केलं. भंगारवाल्यांना संघटित करून परवान्याच्या वाटेवर आणण्याचे प्रयत्न झाले. त्याच काळात स्विस अभ्यासकांनी बंगळुरूतल्या तेजाबाच्या पद्धतीने सोनं किती निघतं ते मोजलं. बोर्डातल्या सोन्यापैकी जेमतेम 25 टक्के हाती येत होतं. आधुनिक स्मेल्टरमध्ये हेच प्रमाण 95 टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे माणसं विषारी वाफ छातीत घेत होती आणि तीन चतुर्थांश सोनं गाळात नाहीतर गटारात जात होतं.

हे वाचताना मला पीण्यापासून पूर्वेकडचं कोलार आठवतं. तिथली सोन्याची खाण शंभर वर्षांहून अधिक काळ चालली आणि 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद पडली. खडकात टनामागे मोजके ग्रॅम सोनं उरलं होतं आणि ते काढायला जमिनीत तीन किलोमीटरहून खोल उतरावं लागत होतं. मोबाइलच्या एक टन बोर्डांत त्याच्या कित्येक पट सोनं असतं. आज त्याच कोलार जिल्ह्यात नरसापूरच्या औद्योगिक वसाहतीत ई-कचऱ्याचं पुनर्चक्रण चालतं, आणि तो प्रकल्प उभारणाऱ्या सेरेब्रा कंपनीचा पत्ता पीण्याचा आहे. जुन्या खाणीच्या जिल्ह्यात नवी खाण आली, आणि तिचं खनिज आपल्या कपाटांत पडून आहे.

पीण्यातून तुमकूर रस्त्याने पुढे गेलं की डोबसपेठ लागतं. देशातला पहिला अधिकृत ई-कचरा प्रकल्प 2005 साली तिथे सुरू झाला. नाव ई-परिसरा, संस्थापक डॉ. पी. पार्थसारथी. मराठीत परिसर म्हणजे आजूबाजूचा भाग, पण कानडीत ‘परिसर’ म्हणजे पर्यावरण. प्रदूषणालाही कानडीत ‘मालिन्य’ म्हणतात. राज्याच्या प्रदूषण मंडळाच्या पाटीवर ‘मालिन्य नियंत्रण मंडळी’ असं असतं. मला हे दोन्ही शब्द आपल्या शब्दांपेक्षा जवळचे वाटतात. पर्यावरण कुठेतरी दूर जंगलात असतं, परिसर दाराशी असतो. देशात ई-कचऱ्याचा वेगळा कायदाही नव्हता तेव्हा या प्रकल्पाने काम सुरू केलं. यंत्रं हाताने सुटी करायची, धातू, प्लास्टिक, काच वेगळं करायचं आणि सर्किट बोर्ड, जे इथे नीट वितळवता येत नव्हते, ते जहाजाने बेल्जियमला उमिकोर कंपनीच्या होबोकेनच्या स्मेल्टरला पाठवायचे. तिथे एकाच प्रक्रियेत तांबं, चांदी, सोनं, पॅलेडियम सगळं निघतं. अभ्यासकांनी या रचनेला ‘दोन्ही जगांतलं उत्तम’ म्हटलं. सुटं करायला आपले हात उत्तम, वितळवायला तिकडची भट्टी उत्तम.

हाताने सुटं करणं हे कौशल्याचं काम आहे, आणि ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. जुना मॉनिटर घ्या. मागचं झाकण काढल्यावर आधी नळीतली साठलेली वीज उतरवावी लागते, नाहीतर झटका बसतो. मग मानेवरची तांब्याची गुंडाळी निघते. मग काच. ती दोन प्रकारची असते, पुढची आणि मागची नरसाळ्यासारखी. मागच्या काचेत शिसं असतं, एका नळीत किलो-दीड किलोपर्यंत. पुढच्या काचेला आतून चमकणाऱ्या भुकटीचा थर असतो. दोन्ही काचा जोडावरून वेगळ्या करायच्या आणि भुकटी शोषून घ्यायची, उडू द्यायची नाही. हातोडा घातला तर हेच काम दहा सेकंदांत होतं, आणि शिसं, भुकटी आणि माणूस एकाच धुळीत उभे राहतात.

आता याला प्रमाणपत्रांचा हिशेब लावून पाहा. सध्या प्रमाणपत्रं मिळतात ती चार धातूंवर : लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं आणि सोनं. शिशाची काच जपून वेगळी केली तर त्याचं काहीच मिळत नाही, उलट खर्च होतो. पॅलेडियम मोजलं जात नाही, कोबाल्ट नाही, टँटलम नाही. जे मोजलं जात नाही ते काढण्याची घाई कुणाला असेल? सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने दुर्मीळ आणि महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी 1500 कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. ही उणीव कुणाच्या तरी लक्षात आली आहे, असं त्यावरून वाटतं. पण प्रोत्साहन भट्टीला आहे. मॉनिटरची काच न फोडता सुटी करणाऱ्या हाताला नाही.

प्रमाणपत्राच्या किमतीवरूनही वाद पेटलाय. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने किमान दर बांधून दिला. ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक मालासाठी तो किलोला 22 रुपये आहे. दर फार पडले तर पुनर्चक्रण करणारे नियमाने काम करूच शकणार नाहीत, असं सरकारचं म्हणणं. सॅमसंग, एलजी, डायकिन अशा कंपन्या याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. सरकारने दर बाजारावर सोडावा, असं त्यांचं म्हणणं. मी सरकारच्या बाजूची आहे. कारण मातीमोल दराने मिळणारं प्रमाणपत्र हे बहुधा न केलेल्या कामाचंच असतं. प्लास्टिकच्या बाबतीत आपण हे पाहिलंय. 2023 मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत सुमारे 6 लाख बनावट प्रमाणपत्रं सापडली, आणि ती गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातली होती. मात्र त्या 22 रुपयांतला एखादा रुपया तरी तव्यावर बोर्ड तापवणाऱ्या माणसाने तो तवा विझवावा यासाठी खर्च व्हायला हवा, आणि तशी सोय नियमात कुठेही नाही.

सोय करणं अशक्य नाही, हे याच शहराने दाखवलंय. 2011 पासून बंगळुरू महापालिकेने कचरावेचकांना ओळखपत्रं दिली आणि वॉर्डांतली सुक्या कचऱ्याची केंद्रं चालवण्यात त्यांना वाटा मिळाला. आपल्याकडे पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेने 2008 मध्ये महापालिकेशी करार करून कचरावेचक बायकांना घराघरांच्या दारात हक्काने उभं केलं. आणि पीण्याला तर स्वतःचाच धडा आहे. प्लेटिंगच्या एकेका लहान टाकीवाल्याला सांडपाण्याची स्वतंत्र यंत्रणा परवडत नव्हती. तेव्हा सामायिक प्रक्रिया केंद्रांचा मार्ग काढला गेला. टँकर येतो, पाणी उचलतो, मोजून पैसे घेतो. तोच हिशेब ई-कचऱ्याला का लावू नये? वसाहतीच्या प्रत्येक टप्प्यात एक खोली, एक वजनकाटा, एक वही. माल आणून द्यायला त्याच गुजरीवाल्याला किलोमागे ठरलेला मोबदला, आणि तो द्यायचा प्रमाणपत्राच्या किमतीतून. 1000 वस्तूंची अट एकेका शेडला लावली तर कुणीच बसत नाही. सगळ्या वसाहतीला एक ग्राहक धरलं तर पीण्याएवढा मोठा ग्राहक देशात शोधावा लागेल.

मी हे मालकांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, फोन काढून बसले. महिन्याभराने पुन्हा गेले तर रॅक जवळजवळ रिकामा होता. शेजारच्या चार शेडवाल्यांना गाठून त्यांनी एक टेम्पो भाड्याने घेतला होता आणि सगळ्यांचा माल एका नोंदणीकृत कारखान्याला पोचवला होता. भाडं आणि मिळालेले पैसे यांची जवळजवळ तोंडमिळवणी झाली. गुजरीवाल्याने याहून जास्त दिले असते, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. पावती त्यांनी गणपतीच्या फोटोखाली खिळ्याला अडकवली होती.

रॅकवर दोन कार्डं अजून होती.

“ही का ठेवली?”

“त्यातला एक रिले चांगला हाय. ते मशीन आता बनत नाही ताई. बंद पडलं तर हाच लागतोय.”

(पुढच्या आठवड्यात : दुरुस्तीचा हक्क, आणि सुटे भाग न देणारे कारखाने)